बोरढव प्रारूप

—न्हाई मॅडम, दुसरं काय बी सांगा, ते पान मी टाकणार न्हाई. तुमचं नाव कव्हरवर पाह्यजे, टाकतो. तुमच्या विभागप्रमुखाचं नाव तुमच्या वर पाह्यजे, ते बी टाकतो, मोठ्या अक्षरात टाकतो — त्यानं एक ओळ लिवली नसंल तरी. पण पाचव्या प्रकरणात तुमी हे जे 'बोरढव प्रारूप' घालून आणलाव ना, ते काढा. बसा की, उभ्या कामून? लातूरहून आलाव एवढ्या उन्हात, पंखा तुमच्याकडं फिरवतो. माझं काय, मला सवय हाय. बावीस वरसं झाली ह्या डीटीपीच्या दुकानात बसून, नांदेडातल्या निम्म्या प्राध्यापकांची पुस्तकं ह्याच कीबोर्डावर जल्मली. लोक म्हणतात, गुरुलिंग, तू लई पुण्याचं काम करून राहिलास, विद्येचं काम. पुण्य कशाचं! मला किळस येती मॅडम त्या पुस्तकांची. खरं सांगतो, जेवताना हात दोनदा धुतो मी.

कामून म्हणजे? तुमाला ठाव न्हाई? बरं, तासिकेवर शिकवताव तुमी, नवीन हाव, ठाव नसंल. समाजशास्त्र घ्या, राज्यशास्त्र घ्या, बी.एड.चं घ्या, मराठीचं घ्या — समद्यांची माय एकच, मागल्या साली निघालेलं दुसऱ्याचं पुस्तक. सर लोक येतात, बगलेत दोन पुस्तकं, पेन्सिलीनं कंस केलेला — हितून घे, हितपर्यंत. मदी एक परिच्छेद वर-खाली. झालं पुस्तक. प्रस्तावना तेवढी सोताची, म्हंजी ती बी न्हाई — एका सरानं दुसऱ्याची प्रस्तावना जशीच्या तशी उचलली, त्यात त्या दुसऱ्याच्या बायकोचे आभार! मीच फोन लावलो, सर, वहिनीचं नाव तेच हाय का? तवा बदललं. हासताव? हासा. मला त्या दिवशी वकारी आली व्हती. असल्या पुस्तकांवर प्रमोशन घेतात, गाड्या घेतात, अन् पोरं तीच वाचून पास व्हतात, अन् तीच पोरं फिरून सर होऊन माझ्याकडं येतात, बगलेत दोन पुस्तकं घेऊन. तुमचं न्हाई म्हणत मी. तुमचं बी तेच हाय म्हणा, पण तुमचं पोटासाठी हाय.

ते पान? सांगतो की, तेच सांगून राहिलो. बारा वरसं झाली. सुदर्शन सर म्हणून व्हते, आता रिटायर झाले, त्यांनी 'ग्रामीण समाजशास्त्र' आणलं माझ्याकडं. आता पुस्तक कसं छापतात ठाव हाय का तुमाला? सोळा पानांचा एक फॉर्म. दहा फॉर्म म्हंजी एकशे साठ पानं. अन् सरांचा मजकूर संपला एकशे सत्तावन्नावर. तीन पानं कोरी. मी फोन लावलो — सर, तीन पानं शिल्लक राहून राहिलीत, काय करू? सर कुठंतरी लग्नात, मागं ब्यांड वाजतोय, म्हणले, गुरुलिंग, तू हुशार हायस, भर कायतरी. काय भरू सर? तर म्हणले, एखादं खेडं टाक, व्यष्टी अध्ययन, केस स्टडी म्हण अन् टाक. टाक म्हणले! जशी वरणात चिंच टाकायची. मी बी.ए. दुसऱ्या वरसाला शिक्षण सोडलेला माणूस. पण पुस्तकं टाइप करू करू भाषा आली व्हती मला. 'प्रस्तुत अध्ययनातून असे दिसून येते की' — येवढं आलं की झालं.

हाव. मीच लिवलो. सुदर्शन सरांनी न्हाई, कुणी संशोधकानं न्हाई. ह्याच खुर्चीवर बसून, दुपारच्या जेवणाच्या आधी. गावाचं नाव सुचंना म्हणून माझ्याच गावाचं टाकलो, कंधार तालुक्यातलं बोरढव. तीनशे बारा कुटुंबांचं सर्वेक्षण — आमच्या गावात जनावरं धरली तरी तीनशे बारा भरत न्हाईत! एक्क्याण्णव पूर्णांक सात टक्के कुटुंबांत जातिभेद संपुष्टात. सात कुठून आला? कुठून येतो, बोटातून. नुसतं नव्वद लिवलं की वाचणाऱ्याला शंका येती, पूर्णांक टाकला की विश्वास बसतो. मग वाटलं कायतरी प्रसंग पाह्यजे. तर लिवलो — सन एकोणीसशे एक्क्याऐंशीमध्ये गावच्या सरकारी विहिरीवर सरजाबाई ह्या बौद्ध महिला घागर घेऊन आल्या असता गावातील प्रतिष्ठित शेतकरी मडिवाळप्पा यांनी स्वहस्ते पाणी शेंदून त्यांच्या घागरीत ओतले, आणि तेथून गावात समतेचे पर्व सुरू झाले. पर्व! लिवताना माझंच मन भरून आलं. तीन पानं बरोबर भरली, एक ओळ इकडं न्हाई की तिकडं न्हाई. सर वाचले बी न्हाईत. सही केले प्रूफावर.

तितंच मरायला पाह्यजे व्हतं ते. पण न्हाई! दोन वरसांत तुमच्या लातूरच्या एका गाइडात आलं. तितं कुणीतरी त्याला 'प्रारूप' केलं, म्हंजी मॉडेल, बोरढव प्रारूप. मग बी.एड.च्या पुस्तकात, शिक्षण व सामाजिक परिवर्तन. राज्यशास्त्रात सामाजिक न्याय म्हणून. मराठीच्या पुस्तकात तर उतारा म्हणून आला, खाली प्रश्न — मडिवाळप्पा यांच्या स्वभावाची तीन वैशिष्ट्ये लिहा. तीन! ते समदे उतारे टाइप केले कुणी? मीच की. एकानं तर खाली टीप दिली, 'लेखकाने प्रत्यक्ष क्षेत्रभेटीत केलेले निरीक्षण'. कंधारच्या स्ट्यांडवरून गाडी हाय मॅडम, पाऊण तासात गावात. बारा वरसांत एक माणूस आला न्हाई. एक न्हाई! सांगायचं व्हतं मी? कुणाला सांगायचं? गिऱ्हाईकाला सांगू, सर तुमचं पुस्तक खोटं हाय? मी गप बसलो, अन् हासत बी व्हतो मनात — बगा म्हणलं, हे पीएच.डी.वाले अन् बी.ए. अर्धवट सोडलेला गुरुलिंग.

मग लुंबिनी आली. ती सरजाबाईची नात. सरजाबाई खरी हाय हो, म्हंजी व्हती, दोन वरसं झाली जाऊन. तिचा पोरगा ज्ञानोबा, माझ्या वर्गातला, एका पाटीवर लिवलो आमी. त्याची ही पोरगी, एम.ए. समाजशास्त्राला. गेल्या साली पेपरात प्रश्न आला — बोरढव प्रारूप विशद करा, पंधरा गुण. तिच्या गावावर, तिच्या आजीवर! पोरगी काय लिवावं? तिनं खरं लिवलं. लिवलं, की माझ्या आजीला त्या विहिरीवर कधी पाणी भेटलं न्हाई. अन् पुढं लिवलं — समजा पुस्तकातलं खरं धरलं, तरी ओतले म्हंजी काय? दोराला हात लावू दिला न्हाई, पोहऱ्याला हात लावू दिला न्हाई, वरून ओतलं. हीच तर शिवाशीव. ज्याला पुस्तकं समतेचं पर्व म्हणतात, तोच भेदाचा पुरावा हाय.

शून्य मिळाला. पंधरापैकी शून्य. चार मार्कानं पेपर गेला, वसतिगृह सुटलं. आता गावाहून येणंजाणं करती.

मॅडम, मी ते पान दहादा टाइप केलो असंल. दहादा! माझ्या ध्यानात आलं न्हाई. खोटंच लिवायचं व्हतं, कुणी हात धरला नव्हता माझा, मनाला येईल तेवढं चांगलं लिवायची मोकळीक व्हती — तरी 'तिनं स्वतः पाणी शेंदलं' असं लिवायला मला सुचलं न्हाई. आमच्या मनातलं चांगलं बी तितपतच जातंय बगा, वरून ओतण्यापर्यंत. अन् तुमच्या? तुमी तर पीएच.डी. हाव, तुमी बी तसंच उचललाव ना? न्हाई आलं ध्यानात? हं. एवढ्या पुस्तकांतून गेलं ते पान, एवढ्या सर लोकांच्या नजरेखालून, अन् कळलं कुणाला तर वीस-बावीस वरसांच्या पोरीला. म्हणून म्हणतो काढा. ह्या उन्हाळ्यात ती तोच पेपर फिरून देणार हाय, अन् तुमचं पुस्तक लागणार हाय त्याच पेपराला. ते पान राहिलं तर प्रश्न फिरून येणार. अन् ती म्हणती, काका, मी तेच लिवणार. हट्टी हाय लई.

हाव, आली व्हती ना हितं. दिवाळीच्या आधी, बापाला घेऊन. तुमी बसलाव तितंच बसली. पुस्तक उघडून म्हणली, काका, हे तुमी टाइप केलाव, तुमी गावचे हाव, एक कागद लिवून द्या की हे खोटं हाय म्हणून, मी विद्यापीठात अर्ज करते. मी काय म्हणलो? मी म्हणलो, पोरी, मी टायपिंगवाला माणूस, डोळ्यानं वाचतो अन् बोटानं उतरवतो, लिवणारे सर लोक, मला त्यातलं काय कळतंय. अन् त्या वक्ताला मी लहान व्हतो, मला आठवत न्हाई. असं म्हणलो. ज्ञानोबा माझ्याकडं बघत व्हता. चहा पिला अन् जाताना म्हणला, जाऊ दे गुरुलिंगा, तुझा काय दोष.

आठवत न्हाई! नऊ वरसांचा व्हतो मी, न आठवायला काय झालं? विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलो व्हतो. घागर पितळंची व्हती, नवी, ऊन पडून चमकत व्हती. सरजाबाईनं खाली ठेवली, म्हणली, सरकारी विहीर हाय, माझा बी हक्क हाय. भांडली न्हाई, नुसतं म्हणली. तर आप्पानं पाय मारला घागरीला. गडगडत गेली दगडावरून, बूड चेपलं. समदे हासले. मी बी हासलो. ज्ञानोबा मायच्या मागं उभा व्हता, त्यानं बघितलं मला हासताना. अन् दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्याशेजारीच येऊन बसला, कारण दुसऱ्या कुणी बसू दिलं नसतं.

कोण आप्पा? — आप्पा म्हंजी... आमचा आप्पा. माझा बाप. हाव. मडिवाळप्पा.

काय म्हणलाव? हेच टाकू? त्या तीन पानांच्या जागी हेच, दुरुस्ती म्हणून, माझ्या नावानं? — निघंल की पुस्तक परीक्षेच्या आधी, का न्हाई निघणार. पोरीला दाखवायला आधार बी होईल. हाव, खरं हाय तुमचं, तुमी म्हणताव ते एकदम खरं हाय, मीच कामून... थांबा जरा. पाणी पितो.

आप्पा हाय अजून मॅडम. ब्याऐंशी वरसांचा. पहिलं पुस्तक छापून आलं तवा मी गावाकडं नेलो, वाचून दाखवलो त्याला. कामून दाखवलो? बापाचं नाव पुस्तकात आलं म्हणून. मला वाटलं आता थोबाडीत मारतोय. तर म्हणला, फिरून वाच. मी फिरून वाचलो. आता बारा वरसं झाली, तो पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मी ओतलो पाणी सरजाबाईच्या घागरीत. खोटं बोलत न्हाई तो, त्याला खरंच तसं आठवतंय आता. शाळेनं हार घातला त्याला दोनदा. सरजाबाई जिती असताना घातला. ती बी बसली व्हती समोर, बायकांत. मी त्या माणसाला आता काय वाचून दाखवू?

न्हाई. न्हाई जमायचं. ठेवा ते पान. हाव, जसं हाय तसंच, मी टाइप करतो. लुंबिनीला कुणीतरी सांगा, पुस्तकात हाय तेच लिव म्हणावं ह्या बारीला, पास हो म्हणावं अन् सूट ह्यातून. माझ्याकडं तसं बघू नका. तुमी एकदा थुंकताल, मी रोज थुंकतो. पेनड्राइव्ह ठेवा हितं, प्रूफ गुरुवारी घेऊन जा. — न्हाई, आता काय बी विचारू नका. जावा तुमी.