अध्यक्षांची पाठ

दवाखान्यात माझा नंबर अठरावा होता. शेजारी एका क्रीडा मंडळाचा मालिशवाला मुरगळलेला अंगठा सांभाळत बसला होता. त्याला कामावर ठेवायचं की काढायचं, हे मंडळाचे अध्यक्ष आज ठरवणार होते. त्याची बायको ते सगळ्या बाकाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलत होती.

“अहो, अध्यक्षांनी भाषण कसं झालं असं विचारलं, तर छान म्हणायचं. जीभ झिजली असती का?”

“भाषणात दोन खेळाडू झोपले. त्यातला एक उभ्यानं.”

“सगळ्यांनी लोणी लावलं, मग तुम्हालाच काय धाड भरली होती?”

“तीस वर्षं माणसांना तेल लावतोय. खांद्याला लावतो, पाठीला लावतो, पोटऱ्यांना लावतो. कानाला कधी लावलं नाही.”

“मग बसा आता घरी, माझ्या पोटऱ्या चोळत.”

“त्या उत्तम आहेत. त्यांना गरज नाही.”

“मला नका लावू!”

“लावत नाही. तपासून सांगतोय.”

फोन वाजला. तो उभा राहून बोलला आणि बसला.

“काढलं?”

“पाठ धरलीय त्यांची. संध्याकाळी बोलावलंय.”

“आणि अंगठा?”

“कोपरानं करीन. उद्याचं भाषणही आधी मलाच ऐकवणार आहेत. म्हणाले, बाकीचे कोणी खरं सांगत नाहीत.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, पाठ सुटेल. भाषणाची खात्री देत नाही.”

बायको आम्हा सगळ्यांकडे वळली.

“हे माझे मिस्टर,” ती म्हणाली.