घुबडं आणि दादाचा डावा कान

...आता मला सांगा, दुपारी चार ही काय वेळ झाली? म्हणजे माझं काही म्हणणं नाही, पण ज्या लोकांनी आमच्या तरुणपणी 'आम्ही काळोखाची लेकरं' म्हणून गळे फाडले, ते सतरा वर्षांनी परत येणार, आणि कधी, तर दुपारी चारला, टळटळीत उन्हात, का तर ड्रमवाल्याला गोळ्या घेऊन साडेनवाला झोपावं लागतं. बरं, तिकिटाच्या खाली बारीक अक्षरांत काय, तर 'बसण्यासाठी खुर्च्यांची सोय आहे'. हेवी मेटलच्या कार्यक्रमाला खुर्च्यांची सोय. आणि तुम्हाला सांगते, ते वाचून मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं... की माझी मलाच लाज वाटली.

घुबडं म्हणजे तो बँड. खरं नाव लांबलचक आहे, पण दादाच्या टी-शर्टावर त्यांचं घुबड असायचं, आणि आमची आई कपडे वाळत घालताना म्हणायची, "ही घुबडं माझ्या दोरीवर नकोत." तेव्हापासून आमच्या घरात ती घुबडंच. तो टी-शर्ट दादाकडे अजून आहे. धुऊन धुऊन घुबडाची कोंबडी झालीय, आणि पोटावर ताणला की ती कोंबडी अंड्यावर बसल्यासारखी दिसते. पण फेकायचं नाव काढून बघा.

मग एक दिवस त्यांचा गायक आणि गिटारवाला यांचं फाटलं. का, तर स्टेजच्या मधोमध कोणी उभं राहायचं. आमच्या इमारतीत चपलांच्या कपाटावरून भांडणं होतात, ती तीन महिन्यांत मिटतात. यांना सतरा वर्षं लागली. माझं काही म्हणणं नाही.

तर दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, सहा वर्षांनी मोठा, छापखान्यात गेली तीस वर्षं. "घुबडं येतायत," म्हणाला. मी म्हटलं, "कधी?" तो म्हणाला, "हो, हो, अगदी." मी म्हटलं, "दादा, कधी?" तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी." तेवढ्यात मागून वहिनीने फोन ओढून घेतला. "अगं, ह्यांना काही ऐकू येत नाही. मी म्हटलं भिंतीला जांभळा रंग देऊ का, हे म्हणाले हं. मी म्हटलं माझी आई दोन महिने राहायला येतेय, हे म्हणाले हं. आता घर जांभळं झालंय, आई येऊन बसलीय, आणि हे मलाच विचारतात, हे सगळं कधी ठरलं?"

आता हे ऐकून कोणी म्हणेल, कान तपासून घ्या. तर इथेच माझी अडचण. कारण कान तपासणं हा माझाच धंदा आहे. एका दवाखान्यात अठरा वर्षं मी तेच करते. एक छोटी खोली, भिंतींना जाड गाद्या, बाहेरचा आवाज आत नाही. माणूस आत हेडफोन लावून बसतो, मी काचेबाहेर मशीनपाशी. मी बारीक बीप द्यायची, त्याला ऐकू आली की त्याने हातातलं बटण दाबायचं, माझ्या बाजूला दिवा लागतो. आणि दादाचे कान मी दर वर्षी तपासते. सलग तीन वर्षं मी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय, 'दोन्ही कान उत्तम'. वहिनीला मी म्हटलंसुद्धा होतं, "ऐकू सगळं येतं गं त्याला, लक्ष देत नाही इतकंच." त्यावरून त्या दोघांत काय काय झालं ते मी विचारलेलं नाही.

पण वहिनीने आज्ञाच दिली. "घुबडांच्या आधी पुन्हा तपास. नाहीतर मी ह्यांना पाठवणार नाही." दादा आला, बसला खोलीत, मी सुरू केलं. बीप, दिवा. बीप, दिवा. उत्तम. आणि मला शिंक आली. म्हणजे एक बीप द्यायची राहिली. आणि बीप दिलेली नसताना... दिवा लागला.

मी काय केलं, दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. आणि आत दादा समाधीत बसल्यासारखा डोळे मिटून बटण दाबतोय. दोन सावकाश, एक थांबून, मग तीन घाईघाईत. दोन सावकाश, एक थांबून, तीन घाईघाईत. समोर दिवा लुकलुकतोय, आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हे तर घुबडांचं पहिलं गाणं.

दार उघडून मी म्हटलं, "दादा, काय चाललंय?" पहिल्यांदा ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा आलं. म्हणाला, "तू बीप नेहमी त्याच तालात देतेस. मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

घ्या. बीप कधी लवकर, कधी उशिरा, आडवीतिडवी द्यायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि मी अठरा वर्षं ड्रम वाजवत बसलेय. दवाखान्याच्या मशीनवर. माझं काही म्हणणं नाही, म्हणजे या बाबतीत माझं काही म्हणणं असूच शकत नाही.

याचं मूळ कुठे, ते सांगते. बाबा गेले त्या वर्षी आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आई भांडी घासायची, घासलेली परत घासायची. संध्याकाळी दादा टेपरेकॉर्डरवर घुबडांची कॅसेट लावायचा, हेडफोन एकच, तोही मधून मोडलेला, आणि काही न बोलता त्याची एक बाजू माझ्याकडे टाकायचा. डावा कान त्याचा, उजवा माझा. त्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार सगळी डाव्या बाजूला आणि ड्रम सगळे उजव्या. म्हणजे त्याला गिटार, मला ड्रम. बारा वर्षांची मी, पलंगाच्या पट्टीवर बोटं आपटत बसायचे, आणि दादा तोंडाने ट्यँव ट्यँव करायचा. दोघांचं मिळून एक गाणं व्हायचं. त्या वर्षी आमच्यात तेवढंच बोलणं झालं, आणि पुष्कळ झालं.

मग मी नीट तपासणी केली. आडवीतिडवी. बारीक, उंच आवाज गेले होते, आणि डाव्या कानातले जास्त. तीस वर्षं छापखान्याची यंत्रं त्याच बाजूला. कागद बघून दादा इतकंच म्हणाला, "म्हणजे गिटार गेली." मी म्हटलं, "कानाला मशीन लावू. छोटंसं असतं." तो म्हणाला, "मशीन म्हाताऱ्यांना." मी म्हटलं, "ज्यांना ऐकायला चाललायस त्यांचा गायक अडुसष्टचा आहे, गुडघ्यात स्टील आहे त्याच्या." त्यावर तो विचारात पडला. म्हणाला, "हेवी मेटलच की ते." आणि मशीन लावून घेतलं.

तर कार्यक्रम. रांगेत सगळे काळे टी-शर्ट आणि सगळ्यांचे चष्मे गळ्यात. एक बसचालक दादाला सांगत होता, "बायको सोडून गेली तेव्हा यांच्या दोन कॅसेट सोडून गेली, उपकार झाले." आणि समोर कोण, तर माझ्या मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मनगटाला खिळ्यांचा पट्टा. आम्ही दोघींनी एकमेकींना बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या गाण्याला त्या माझ्या खांद्यावर हात टाकून डोकं हलवत होत्या. मान धरली तेव्हा खुर्चीवर बसल्या.

पहिलं गाणं सुरू झालं. दोन सावकाश, एक थांबून, तीन घाईघाईत. शेजारचा बसचालक रडायला लागला, हजारो माणसं ओरडली, आणि मी दादाकडे बघितलं तर तो चेहरा पाडून उभा. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गिटार येते, आणि लगेच जाते. कोणीतरी तिचं तोंड दाबल्यासारखं."

आणि मला कळलं. त्या मशीनमध्ये गोंगाट ओळखून तो कमी करायची सोय असते. गाण्यासाठी ती बंद करावी लागते. ती बंद करायची मी विसरले होते. आणि मशीनला ती गिटार म्हणजे गोंगाट वाटत होता. अगदी आमच्या आईसारखं.

दादाने मशीन काढून खिशात ठेवलं. आता ड्रम त्याला पोटात कळत होते, पण गिटार नाहीच. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पोटावर ती कोंबडी, आणि स्टेजकडे असं बघतोय जसं फलाटावर उभं राहून कोणी सुटलेल्या गाडीकडे बघतं. मग मी काय करणार. त्याच्या उजव्या कानाला तोंड लावलं, आणि केली सुरुवात. ट्यँव. ट्यँव ट्यँव. मला गिटार येत नाही हो, माझ्या वाटणीला ती कधी आलीच नव्हती, पण त्या वर्षी पट्टीवर बोटं आपटताना त्याचं तोंड ऐकलेलं होतं ना. स्टेजवर वाजेल ते मी ओरडून त्याच्या कानात घालत होते, आणि दादा माझ्या मनगटावर बोटांनी ड्रम वाजवत होता. उलटं. आयुष्यात पहिल्यांदा वाटण्या बदलल्या. मागचा कोणीतरी म्हणाला, "बाई, आम्हाला बँड ऐकू द्या." माझं काही म्हणणं नाही, त्याचं बरोबरच होतं.

दीड तास मी गिटार होते. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दवाखान्यात माझ्या घशातून आवाज फुटेना, आणि कानात घंटा वाजत होत्या. कारण जे कानात घालायचे बोळे मी सगळ्यांना सक्तीने देते, ते माझे पर्समध्येच होते.

दादा मशीन घालून, आपणहून आला. म्हणाला, "गिटारचं ते बघ. ते पुढच्या वर्षी परत येणार आहेत." मी ती सोय बंद करून दिली. तेवढ्यात माझ्या हाताखालची मुलगी, शिकून नुकतीच आलेली, म्हणाली, "मॅडम, तुमचेच कान तपासून घेऊ या." बसले मी आत. हेडफोन लावला, बटण हातात. दादा बाहेर तिच्याशेजारी खुर्ची घेऊन. मी डोळे मिटले आणि अगदी मन लावून, एकही बीप न चुकवता बटण दाबत राहिले. पुष्कळ वेळ. मनात म्हटलं, चला, आपले कान तरी शाबूत.

दार उघडलं. ती म्हणाली, "मॅडम, मी अजून मशीन चालूच केलेलं नाही."

मी काही बोलणार, तर तिच्यामागून दादा दिव्याकडे बोट दाखवत म्हणतो, "बाकी सगळं बरोबर होतं. शेवटचे तीन जरा जास्तच घाईत घेतलेस."

माझं काही म्हणणं नाही. घेतले होते.