जे दिसते ते लिहा

नाही, मले एक सांगा, मी खोटं काय लिहिलं? एक शब्द खोटा दाखवा! पंधरा दिवस झाले, नेरच्या बाजारात भाजी घ्यायले गेली का बाया तोंडाले पदर लावून हसते, माणसं रस्ता बदलते, अन् माहा सख्खा भाऊ... थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचं वधू-वर सूचक मंडळ हाय, मी त्याची सचिव. सचिव म्हंजे काय, तर साऱ्या मंडळात जिले मराठी टायपिंग येते ते बाई! आमची वेबसाइट होती बारा वर्षांची जुनी. उघडली का वरून गुलाबाच्या पाकळ्या पडे अन् सनई वाजे. एका बाईनं एसटीत उघडली तर कंडक्टर म्हन्ते, "वरात कोठी उतरनार?" अन् त्या पाकळ्यायच्या खाली नोंदणीचं बटन! म्हातारे माणसं बटनावर बोट नेत, तवापर्यंत त्यावर पाकळी येऊन बसे!

म्हनून मंडळानं ठरवलं, नवी करा. यवतमाळवरून ममता नावाची इंजिनिअर बोलावली. बोलायले लय गोड, पण ऐकत कोनाचंच नाही. म्हन्ते, "वेबचे नियम पाळायचे, लोकायले सोपी गेली पाह्यजे, अन् जुन्या-नव्या साऱ्या ब्राउझरवर चालली पाह्यजे." आमचे अध्यक्ष बाबाराव म्हन्ते, "ते ठीक, पण माही पळती पट्टी?" पळती पट्टी म्हंजे ते अक्षरं नाही का, इकडून तिकडे धावते, त्यात बाबारावचं नाव.

"काका, धावतं नाव वाचता येत नाही, ते नियमात बसत नाही."

"अवं पोरी, माहं नाव बारा वर्षं धावून राह्यलं, आता कायले बसवतं?"

शेवटी पट्टी गेली, अन् त्या बदल्यात बाबारावचा फोटो सगळ्यायच्या वर आला. इथंच पाल चुकचुकाले पाह्यजे होती, पण नाही चुकचुकली!

मग ममता मले म्हन्ते, "ताई, तुमचं एकच काम. हरेक फोटोच्या मागं दोन ओळी लिहा. ज्याले डोळ्यानं दिसत नाही, त्याचा फोन त्या वाचून दाखवते. बाकीच्यायले त्या दिसतच नाही."

"लिहू काय पण?"

"जे दिसते ते लिहा."

आता, मी झेडपीच्या शाळेत वीस वर्षांपासून पहिलीले शिकवून राह्यली. जे दिसते ते लिहा म्हंजे आमच्याकडे चित्रवर्णन! 'मुलांनो, चित्रात काय काय दिसते?' एकबी वस्तू सुटली तर मी मार्क कापते! मग मीच कशी सोडीन? एकशे बारा फोटो, बसली लिहीत. 'मुलगा कोट घालून उभा आहे. कोट मोठा आहे. बाहीला भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी आहे.' 'मुलगी बागेत उभी आहे. बाग पडद्यावर आहे. पडद्याखाली कोणाची तरी चप्पल आहे.' सांगा, मी खोटं काय लिहिलं?

अन् माह्या भावाचा फोटो. अश्वजित, छत्तीस वर्षांचा, कापसाच्या जिनिंगवर सुपरवायझर, चार वर्षांपासून त्या वेबसाइटवर नुसता टांगून होता. एक फोन आला नाही हो! यंदा म्हने, "अक्का, या वधू-वर मेळाव्यात नाही जमलं तर माहं नाव काढून टाक, मले आता लाज वाटते." मले वाटलं, याचं तर मन लावूनच लिहिलं पाह्यजे. अन् लिहिलं. 'पुरुष, छत्तीस वर्षांचा, दुसऱ्याच्या मोटरसायकलवर बसलेला. पाय जमिनीला पुरत नाहीत. पोट आत ओढून धरले आहे. हसू मात्र खरे आहे.' सख्खी बहीण हाय मी, म्हनून शेवटचं वाक्य जास्तीचं!

आला मेळावा, नव्या वेबसाइटचं उद्घाटनबी त्यातच. हॉल भरगच्च, समोर हा मोठा पडदा. अन् बाबाराव हट्टाले पेटले, "उद्घाटन माह्याच कॉम्प्युटरवरून!" त्यायचा कॉम्प्युटर एवढा जुना, का चालू होताना घोरते. ममतानं फोटो टाकले होते नव्या जातीचे, हलकेफुलके, अन् बाबारावच्या ब्राउझरनं त्या जातीचं नावबी ऐकलेलं नाही! अन् फोटो उघडला नाही तर त्याच्या जागी काय दिसते माहीत हाय? त्याच्या मागचं लिहिलेलं! नियमच हाय तसा!

पडदा उजळला. एकबी फोटो नाही. नुसतं माहं चित्रवर्णन, वरपासून खालपर्यंत... अन् सगळ्यायच्या वर कोन? बाबारावले वाटलं आपलं स्वागत लिहिलं हाय, माईक घेतला अन् खणखणीत वाचलं, "मंडळाचे अध्यक्ष. केस काळे आहेत. भुवया पांढऱ्या आहेत."

बाप्पा! मग मागच्या बाया जे सुटल्या! ममता पळत जाऊन कॉम्प्युटर बंद कराले लागली, म्हन्ते, "ताई, जुन्या ब्राउझरसाठी साधा फोटोबी ठेवा लागते, मी विसरली!" तर मागून आवाज, "ए पोरी, हात लावू नको, चपलीवालीच्या खाली काय लिहिलं ते वाचू दे!" कोटवाल्याची माय माह्या अंगावर, "चिठ्ठी दिसली तुले, पोट्ट्याची नोकरी नाही दिसली?" अवं बाई, फोटोत नोकरी दिसत नाही, मी खोटं काय लिहिलं? बाबाराव भुवयायवर हात ठेवून ओरडून राह्यले, "सचिवबाई, राजीनामा!" अन् अश्वजित... उठला अन् निघून गेला. ते मले लय लागलं, खरं सांगते.

चार दिवस माहा फोनबी उचलला नाही. पाचव्या दिवशी मले फोन आला. "जयभीम ताई, मी दीपा. नर्स हाय, उमरखेडले. मेळाव्यात मागं बसलती. तो पोट आत ओढलेला... त्याचं जमलं का कोठी?"

मी म्हटलं, "कोठी जमते वं बाई, मीच लिहिलं ना!" नाही, मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "या ना पाहाले!"

आले ते लोक. अश्वजित पाटावर बसल्यासारखा खुर्चीवर बसला, छाती पुढं, श्वास बंद, चेहरा लाल... दीपानं त्याच्याकडे पाह्यलं अन् म्हन्ते, "सोडा हो श्वास, मी वाचलं हाय."

सोडला त्यानं! शर्टाची एक गुंडी टेबलाखाली गेली, अन् तो असा हसला, असा हसला, का तिची मायबी हसली. जमलं ना हो! तिथंच जमलं!

मग दीपाचे बाबा, ते काही मेळाव्यात नव्हते, म्हन्ते, "बावा, आमी सात पोट्टे पाह्यले, सारे पॉलिश मारलेले. आपलं आपन एवढं खरं लिहिनारा हा पहिलाच."

मी उघडलं तोंड. मी म्हननारच होती. तेवढ्यात हा माहा सख्खा भाऊ पाय पसरून, मान डोलवून काय म्हनावं, "माहं असंच हाय काका. मले लपवाछपवी पटतच नाही."

शिव्या मले, राजीनामा माहा, अन् खरा माणूस हा! काय करता... उठली, त्या खऱ्या माणसासाठी चहा ठेवायले आत गेली.