समाधानी बायांचा सर्व्हे

...समाधानी म्हने. कामठ्याच्या बाजारात बसनाऱ्या बाया मुतारीच्या सोयीबद्दल समाधानी आहेत म्हने. आता तुमीच सांगा, जी मुतारी बाजारात नाहीच, तिच्यावर बाई समाधानी होईल त् कशी? मी रुख्मा, बाजाराच्या दिवशी वांगे-टमाटे घेऊन सकाळीच बसते, आन् बसल्यापासून पानी पीत नाही, कोनीच बाई पीत नाही, आन् तरी वेळ आलीच त् राईस मिलच्या भिंतीमागं जावं लागते, एकीनं लुगडं धरून उभं राहावं, दुसरीनं बसावं, आन् वरून मिलचा कोंडा डोक्यावर पडून राहते. हे आमचं समाधान. मले कोनं पुसलं?

तुमाले सांगते, आमी बाया मिळून ग्रामपंचायतीत गेलो, त् तिथं एका संस्थेची रीना मॅडम बसलेली. संस्था मुताऱ्या बांधून देते, पन आधी सर्व्हे. मॅडमचा आवाज असा, जसं लहान लेकराले दवाई पाजून राहिली. "मावशी, आमच्याकडे डेटा आहे ना. ऑनलाइन पॅनल. लोक मोबाईलवर स्वतः नाव नोंदवतात, आम्ही प्रश्न पाठवतो, ते उत्तरं देतात. तुमच्या गावातल्या महिलांनी तर खूप छान प्रतिसाद दिलाय." म्हनलं, कोन्या महिलांनी? "नाव सांगता येत नाही मावशी, ते गुप्त असतं. पण बघा, एक ताई आहेत, चौथी पास, वांगी विकतात, जुळ्या मुलींची आई..." आता कामठ्यात चौथी शिकलेली, वांगे विकनारी, जुळ्या पोरींची माय दुसरी कोन आहे? ते मीच होय. मी समाधानी आहो, हे मले मॅडमकडून समजलं. मले कोनं पुसलं?

घरी आली त् माझा दीर उदाराम ओट्यावर मोबाईल घेऊन. बाजारात पानठेला आहे त्याचा, पन पानाले कमी आन् मोबाईलाले जास्त चुना लावते. माझं लगन झालं तेव्हा चड्डीत होता, म्हनून मी त्याले अरे-तुरेच करते. म्हनलं, उदाराम, तो सर्व्हे तू भरला का? त् कसा लाजला पाहा, नव्या नवरीसारखा. "वयनी, काय करू, पुरुषाचा कोटा भरला होता."

कोटा म्हंजे काय, त् तुमाले सांगते. त्या पॅनलात आदमी म्हनून गेलं त् ते म्हनते, धन्यवाद, आपला गट पूर्ण झाला, आन् दार बंद. बाई म्हनून गेलं, तेही खेड्यातली, त् या बाई, बसा बाई. खेड्यातल्या बाया त्याले भेटतच नाहीत. मंग का, सर्व्हे भरला की फुकट रिचार्ज भेटते, त्या लालचीनं पानठेल्यावरचे सारे मिशीवाले बाया झाले. एक मासोळीवाली झाला, एक बांगड्यावाली झाला, आन् हा उदाराम, हा मी झाला, रुख्मा.

म्हनलं, झाला त् झाला, पन समाधानी काऊन लिहिलं रे? "वयनी, नाही लिहिलं त् ते पुसते, काऊन नाही, सविस्तर लिहा. कोन लिहील सविस्तर?"

पाहा. याले दोन ओळी लिहाचा कंटाळा, म्हनून आमी कोंड्यात बसाचं. मंग मीबी ठरवलं, याले सविस्तर दाखवते.

त्याची बायको चंदा, माझी जाऊ, सातवी शिकलेली, मोबाईल तिच्याजवळबी आहे. पुढच्या महिन्यात सर्व्हे आला, गावातल्या पुरुषांचं जीवन म्हने. चंदाले म्हनलं, लिही. नाव उदाराम, पुरुष, पानठेला. नाव जाहीर केलं त् चालेल का? चालेल. घरचे कपडे कोन धुते? मीच. भांडे? मीच. बायकोचे पाय चेपता का? रोज. रडता का? चंदा म्हने, "बाई, हे राहू द्या." म्हनलं, लिही, रोज रडतो. काऊन, सविस्तर लिहा? लिहिलं सविस्तर. बाजारातल्या साऱ्या बायाईनं आपापल्या आदम्याच्या नावानं तसंच लिहिलं. कोनाचा आदमी वेनी घालून देते, कोनाचा उपास धरते.

पन आखरीचा प्रश्न आला, बाजारात तुमाले काय अडचन आहे? आन् तिथं, तुमाले सांगते, माझ्यानं खोटं बोलनं झालं नाही. साऱ्याच बायाईनं खरं लिहिलं. पानी पीत नाही, मिलमागं जातो, कोंडा पडते, शरम वाटते. जीव मोकळा केला. पहिल्यांदा मले कोनीतरी पुसलं होतं ना.

मॅडम आली धावतच. भरल्या बाजारात उदारामले खुर्ची दिली, शाल दिली. "दादा, तुमच्यासारखा पुरुष मी पाहिला नाही. एकदा भांडी घासून दाखवता का? व्हिडिओ घ्यायचाय." चंदानं भात करपलेला गंज घरूनच आनला होता. खोटं आहे म्हनावं त् याचं बाई होनंबी उघडं पडते, म्हनून तो घासून राहिला, पानठेल्यावरचे हासून राहिले, मॅडम म्हने, "दादा, रडू आलं तर रडा, लाजू नका." आन् खरंच आलं हो त्याले रडू. माझ्या काळजात असा गारवा कधी पडला नव्हता.

आन् मंग मॅडम माईकवर म्हनते, "इथल्या पुरुषांची वेदना वाचून आमच्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुतारी मंजूर."

बांधली. मिलच्या भिंतीलाच लागून, टाइल लावून, नळ, कडी, लाईट. वरती पाटी. पुरुष.

म्हनलं, मॅडम, बायांची? "मावशी, महिला तर समाधानी आहेत ना." मी खरं सांगून टाकलं, तो रडनारा आदमी मीच होय, या साऱ्या बाया आदमी होय. तिनं माझ्याकडं पाहिलं, लॅपटॉपकडं पाहिलं. "आता रिपोर्ट वर गेलाय मावशी. आता काही बदलत नाही."

काय करता? बाजारच्या दिवशी आता आमी बाया आत जातो, आन् दारात चंदानं उदारामले उभं केलं आहे. कोनी आदमी घाईघाईनं आला त् तो बिचारा हात आडवा करते आन् म्हनते, "थांब गा, आत पुरुष आहेत."