दाराआधीची खिट्टी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख, ज्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ती सुरू झाली असं आत्ताच खुणेने सांगितलं, ते सन्माननीय अध्यक्ष महोदय. व्यासपीठावर विराजमान असलेले नगराध्यक्ष साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या, ज्यांचं पद मी सकाळपासून पाठ करतोय आणि तरीही आता आठवत नाही, त्या आदरणीय पाहुण्या. आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या मॅडम. संग्रहालयाचा सर्व कर्मचारी वर्ग. आणि समोर जमलेले छावणीतले लोक, त्यांची मुलं, नातवंडं, आणि छावणीशी काहीही संबंध नसताना प्रेमापोटी आलेले बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय का? त्या गृहस्थांनी हात वर केला. येतंय म्हणून केला की येत नाही म्हणून, ते कळलं नाही. येतंय असं धरून चालतो.

मी धंद्याने शिंपी. माझे वडीलही शिंपी. शिंप्याला एका वेळी एकाच माणसाशी बोलायची सवय असते, तीही तोंडात टाचण्या धरून. त्यामुळे एवढ्या सभेपुढे माझी अवस्था काय झाली असेल ते आपण समजून घ्याल. शिक्षणाचं म्हणाल तर ते छावणीत सुरू झालं आणि छावणी उठली तेव्हा तेही उठलं. लेक म्हणाली होती, मी भाषण लिहून देते. तिने लिहूनही दिलं. त्यात ‘सांस्कृतिक वारसा’ हा शब्द सात-आठ वेळा होता. तो मला एकदाही धड म्हणता येईना, म्हणून मी माझंच बोलतोय.

छावणीतल्या वस्तू घरोघरी फिरून या संग्रहालयासाठी जमवणाऱ्या मॅडम आज निवृत्त होताहेत. त्यांच्याविषयी माझ्याआधीच्या वक्त्यांनी सगळं चांगलं सांगून संपवलं आहे. मी फक्त घोड्याचं सांगतो. छावणीतल्या कोणीतरी केलेला एक लाकडी घोडा एका घरात पलंगाच्या तुटक्या पायाखाली होता. मॅडमनी तो मागितला. घरमालक म्हणाले, घोडा दिला तर पलंग डुगडुगेल. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः एक वीट घेऊन गेल्या, पलंग उचलायला रस्त्यावरच्या हमालाला बोलावलं, वीट घातली, घोडा काढला, आणि पलंगावर बसून पाहिलं. मग म्हणाल्या, आता ठीक आहे. तो घोडा आज खालच्या दालनात आहे. वीट अजून तिथेच आहे असं समजतं. सांगायचा मुद्दा हा, की या बाईंनी कोणाच्याही घरातून वस्तू नेली तर त्या घरात काही डुगडुगत ठेवलं नाही.

आता ज्यांनी छावणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. लढाई सुरू झाली आणि आमच्या आडनावाची माणसं धोक्याची ठरली. माझ्या वडिलांपासून लोकांना आजवर एकच धोका होता, कपडे वेळेवर न मिळण्याचा. पण सरकारचा विचार मोठा असतो. आम्हाला उचलून तारेच्या कुंपणात ठेवलं. तिथे दोन गोष्टींना तोटा नव्हता, एक वेळ आणि दुसरी सामानाची रिकामी खोकी. मग माणसांनी हत्यारं केली. पलंगाच्या पट्टीचा चाकू, काचेच्या तुकड्याचा रंधा. आणि जो तो कोरायला बसला. शेजारच्या न्हाव्याने सुरेख कंगवे केले. उवांमुळे आम्हा सगळ्यांची डोकी चकोट केलेली होती, ते काम त्यानेच केलं होतं, पण कंगव्यांना मागणी होती. एका कारकुनाने मनगटी घड्याळ केलं. काटे रंगवलेले, कायम जेवायच्या वेळेवर. लोक त्याला वेळ विचारायचे आणि तोही मनगट वळवून, नीट बघून सांगायचा.

माझ्या वडिलांनी मात्र काही केलं नाही. ते म्हणायचे, लाकूड शिवता येत नाही.

आम्ही राहायचो त्या लांबलचक खोलीत पुष्कळ कुटुंबं होती आणि मध्ये भिंती म्हणून दोरीवर टाकलेली कांबळी. कांबळं बाजूला सारून कोणीही आत येई. पहारेकरी येई, चमचा मागायला शेजारीण येई, चुकून भलत्याच घरात शिरलेलं पोर येई. आई कपडे बदलत असो, रडत असो, काही असो. एक दिवस आईने वडिलांना सांगितलं, मला दार पाहिजे. तोवर बहुतेक खोकी कोरून संपली होती, वडील दोन दिवस लाकूड शोधत फिरले. दाराइतकं लाकूड मिळेना. खिट्टीपुरतं मिळालं.

तर त्यांनी खिट्टी केली.

कपाटाला असते तशीच, खुंटीवर फिरणारी लाकडाची पट्टी. ती कांबळ्याच्या कडेला असलेल्या खांबावर बसवली. पण अडकवायची कशात? मग वडिलांनी कांबळ्याच्या काठाला काज केलं. शर्टाला करतात तसं, गोल टाके घालून. खिट्टी आडवी केली की तिचं टोक त्या काजातून जाई, आणि कांबळं बंद. शिंप्याने केलेलं दार ते, त्याला बटणच असणार. मापही शिंप्याचंच. लहान पोरांचे कपडे आम्ही वाढत्या मापाचे करतो ना, तशी ती खिट्टीसुद्धा वाढत्या मापाची आहे. पाहिजे होती त्याच्या दुप्पट. वडील म्हणाले, पुढेमागे दार मिळालं तर आखूड पडायला नको.

खोलीतले लोक आधी हसले. म्हणाले, शिंपीबुवा, आता चोरांपासून सुटलात. पण खिट्टी आडवी दिसली की बाहेरचा माणूस थांबायला लागला. खरं तर खिट्टी बाहेरूनही फिरायची. कांबळं खालून उचललं तरी आत येता येत होतं. पण माणूस थांबे, खाकरे आणि विचारी, ‘येऊ का?’ आई आतून ‘या’ म्हणे. किंवा ‘नको’ म्हणे.

एकदा तपासणीला छावणीचे मोठे साहेब आले. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, खिट्टी. साहेब म्हणाले, इथे कड्या-कुलपांना मनाई आहे. वडिलांनी विचारलं, दार नसलं तरी? साहेब अडले. नियम करणाऱ्याने दार आहे असं धरूनच नियम केला होता. मग अधिकार दाखवायला म्हणून त्यांनी कांबळं ओढलं, ते काजापाशी टरकन फाटलं. आई आत पोळपाटाएवढ्या जागेत माझ्या थोरल्या बहिणीला अंघोळ घालत होती. ती एवढंच म्हणाली, बाहेर थांबा, आधी शिवून होऊ दे. वडिलांनी सुई ओवली. आणि साहेब थांबले. का थांबले, ते आम्हाला कोणालाच सांगता आलं नाही. त्यांच्याही घरी असं सांगणारं कोणीतरी असणार.

अध्यक्ष महोदय घड्याळ बघताहेत. ते लाकडाचं नाही, याची मला कल्पना आहे. आवरतो.

लढाई संपली, आम्ही सुटलो. भाड्याची खोली मिळाली, तिला दार होतं. खिट्टी त्या दारावर गेली, आणि आखूड पडली नाही. पुढे ती माझ्या थोरल्या बहिणीकडे राहिली. ताईने लग्न केलं नाही, टपाल कचेरीत नोकरी केली, एकटी राहिली. म्हातारपणी मी तिला माझ्याकडे आणली. येताना दोन ट्रंका आणि खिट्टी घेऊन आली. तिच्या खोलीच्या दाराला मी नवीकोरी लोखंडी कडी बसवली होती, ती तिने पहिल्याच दिवशी काढून माझ्या हातात दिली.

मॅडमना ही खिट्टी पहिल्यापासून हवी होती. त्यांनी तिच्यासाठी काचेच्या कपाटात जागा ठेवली आहे आणि वर छोटा दिवाही लावला आहे. सध्या त्याचा उजेड रिकाम्या जागेवर पडतो. मॅडमनी आग्रह कधीच केला नाही. वर्षातून एकदा विचारायच्या. मी म्हणायचो, ताईला विचारतो. आणि विचारायचो नाही.

गेल्या थंडीत ताई खोलीत पडली. खिट्टी आतून लावलेली. जावई वरच्या मजल्यावरून धावत आला, त्याने खांदा लावला. दाराची फळी मोडली. खिट्टी मोडली नाही. ताईला फार लागलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाले, या वयात आतून बंद करायचं नाही. लेक म्हणाली, बाबा, ती खिट्टी आधी काढा. माझा स्वभाव असा, की गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येणारा माणूस. मला झोप येईना. मी दिवसातून वीस वेळा तिच्या दाराशी जाऊन विचारायला लागलो, ‘ताई, बरी आहेस ना?’ ती उत्तर द्यायची नाही. मग मी आणखी जोरात विचारायचो. एकदा म्हणाली, ‘मरेन तेव्हा हाक मारीन.’

दार दुरुस्त करताना मी सुताराला गुपचूप सांगून चौकटीपाशी एक फट ठेवून घेतली. बाहेरून पट्टी घातली की खिट्टी फिरावी म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या फटीत आतून रुमाल कोंबलेला होता.

मग मी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. मॅडमना फोन केला आणि शब्द दिला, की तुमच्या निरोप समारंभात खिट्टी तुमच्या हातात देतो. त्यांचीही इच्छा पुरी, आणि आमचं दारही सुरक्षित. कार्यकारिणीने लगेच पत्रिकेत छापलं. आपल्या हातात आहे ती बघा, स्वागतगीत आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये, ‘ऐतिहासिक खिट्टीचे हस्तांतरण’. ती पत्रिका आमच्याकडे टपालाने आली. आणि टपाल उघडायची ताईची सवय नोकरीपासूनची.

ती माझ्या दुकानात आली. मी कोणाच्या तरी पॅन्टची कंबर सैल करत होतो. पत्रिका मशीनवर ठेवून म्हणाली, ‘धाकट्या, दार नव्हतं तेव्हा बाबांनी खिट्टी केली. आता दार आहे, तर तू खिट्टी नको म्हणतोस?’

मी म्हणालो, ताई, तुझ्याच काळजीपोटी.

‘ते छावणीवालेही तसंच म्हणायचे,’ ती म्हणाली, आणि गेली. त्या पॅन्टची कंबर मी सैल करायची ती घट्ट केली. ते गृहस्थ इथे बसले आहेत. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं.

मी घाबरून मॅडमना बोलावलं. वाटलं, शिकलेल्या आहेत, समजूत घालतील. मॅडम गेल्या आठवड्यात घरी आल्या. ताईचं दार बंद. मी जोरात हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं आणि दाराशी जाऊन विचारलं, ‘येऊ का?’

आतून लगेच उत्तर आलं, ‘नको.’

मॅडम ‘बरं’ म्हणाल्या आणि खोलीबाहेरच्या बोळातल्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी तिथेच चहा घेतला. शिंप्याच्या घरातले पडदे उसवलेले का, ते माझ्याकडून ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारलं, येऊ का. पुन्हा नको. तिसऱ्यांदा खिट्टी फिरल्याचा आवाज आला. मॅडम आत गेल्या. आत काय बोलणं झालं ते मी सांगितलं असतं, पण ताईने खिट्टी परत लावली.

बाहेर आल्यावर मॅडमनी मला एक शब्दही उपदेश केला नाही. चप्पल घालताना फक्त म्हणाल्या, काका, पत्रिका छापली म्हणजे काही देवाचा शब्द नव्हे. त्यांच्या सगळ्या नोकरीत मागूनही न मिळालेली ही एकच वस्तू. आणि आज नोकरीचा शेवटचा दिवस.

मी मात्र त्या ‘नको’वर रात्रभर विचार करत राहिलो. मी इतके महिने ‘बरी आहेस ना’ विचारत होतो, त्याला उत्तर नव्हतं. ‘येऊ का’ विचारल्याबरोबर उत्तर आलं. सकाळी मीही जाऊन विचारून पाहिलं. ‘ताई, येऊ का?’ आतून खणखणीत ‘नको’. मंडळी, जी बाई इतक्या जोरात नको म्हणते, तिची काळजी करण्याचं कारण नसतं. आता मी दिवसातून चार वेळा विचारतो, चार वेळा नको ऐकतो आणि निश्चिंत मनाने मशीनवर बसतो. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणून या व्यासपीठावरून मी माझा शब्द मागे घेतो. दुसऱ्याच्या दाराचा शब्द मी द्यायला नको होता. पत्रिकेत छापलेली ओळ आपण कृपया खोडावी. पेन नसेल तर बोट ठेवावं.

आता एक अडचण उरते. ताई इथेच आहे. पहिल्या रांगेत, कडेची खुर्ची, मांडीवर निळी पिशवी. त्या पिशवीत खिट्टी आहे. मधली खुंटी उपसली की ती निघते, आणि आज निघताना तिने ती स्वतः उपसून घेतली. का घेतली म्हणून रिक्षात विचारलं, तर म्हणाली, ‘घरी जावई आहे, माघारी काढून ठेवील.’ एवढंच कारण की आणखी काही, ते मला माहीत नाही, आणि विचारायचा अधिकारही आता नाही.

अध्यक्ष महोदयांनी पाचाची पंधरा होऊ दिली याबद्दल त्यांचे आभार. बोलावल्याबद्दल कार्यकारिणीचे, आणि मागच्या त्या गृहस्थांचे, ज्यांचा हात अजून वर आहे, त्यांचेही आभार. सांगायचं राहिलं ते विसरल्यामुळे, जास्त झालं ते वयामुळे. मापात जे चुकलं असेल ते आपण पोटात घालावं. आणि ज्या पाहुण्यांचं पद मला शेवटपर्यंत आठवलं नाही, त्यांनी विशेष क्षमा करावी.

मॅडम, मी खाली उतरतो. तुम्हीही उतरा, तिच्यासमोर उभ्या राहा आणि एकदा विचारा. ‘घे’ म्हणाली तर तुमचा दिवा कामी आला. ‘नको’ म्हणाली तर सभागृहाने वाईट वाटून घेऊ नये. आमच्याकडे सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.