पितळी नळी

सिंगापुरात, बिशानच्या पॉलीक्लिनिकमध्ये मी लेकीच्या लसीसाठी बसले होते. ती मांडीवर झोपलेली. मागच्या बाकावर भाऊबहीण मराठीत बोलत होते.

"नीता, बाबा पुढच्या आठवड्यात इकडे येतायत, आणि ती पितळी नळी खिशातून काढायला तयार नाहीत."

"बंदुकीतली?"

"हो. रायफलच्या नळीत ती बसवून छोटं काडतूस मारायचे ना, सशाच्या चिंधड्या होऊ नयेत म्हणून."

"बंदूक तर तू पोलिसांत जमा केलीस."

"त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हाच. त्यांना वाटतं, कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे."

"अरे दादा, चांगी विमानतळावर बंदुकीचा तुकडा सापडला तर धरतील त्यांना."

"म्हणून तर म्हणतो, तू सांग खरं काय ते, बंदूकच नाही म्हटल्यावर नळी सोडतील. तुझं ऐकतात."

"माझं कधी ऐकलंय?"

"काडतुसात दारूसुद्धा तुझ्यासाठी कमी भरायचे. आवाजाला दचकून रडायचीस."

"मला वाटायचं, तेही सशासाठीच."

"नाही गं."

"व्हॉट्सअ‍ॅप कॉल लाव."

"इथून?"

"लाव. … बाबा, मी नीता. ती नळी देवघरात ठेवून या हं. … बंदूक? आहे ना, कपाटातच आहे. दादानं तेल लावून ठेवलंय."