मासोळी आयकते

पह्यले माही चूक सांगून टाकतो, नाईतर आमच्या घरची मधातच येऊन सांगन, आन् तिच्या तोंडून ते मले लय लागते. गेल्या म्हयन्यात पोरानं आपल्या मायच्या मोबाईलवर एक फोटो धाडला, नौदलाच्या कपड्यातला, मागं त्याचं जहाज उभं. मले नाई धाडला, मायले धाडला, एवढ्यावरूनच मी समजाले पायजे होतं. पन मी तिचा मोबाईल घेतला, फोटो माह्या मोबाईलवर आनला आन् स्टेटस ठेवला, आमचे चिरंजीव आज रात्री मोहिमेवर रवाना, जय हिंद. मोहीम कोनती, मले काय मालूम. जहाज निघनार हे मायलेकाच्या बोलन्यातून अर्धवट कानावर पडलं होतं, बाकीचं मी पदरचं लावलं, जसं मी नेहमी लावतो. मंग चहाच्या टपरीवर बसून कोनाकोनानं पायलं ते पाहत बसलो. सिहोऱ्याचा माहा साळा त माह्याहून एक पाऊल पुढं, त्यानं तो फोटो उचलून आपल्या साऱ्या ग्रुपवर टाकून देल्ला.

दुपारच्या आत पोराचा फोन आला. बाबा, तो फोटो काढा, आत्ताच्या आत्ता, मामालेही काढाले सांगा. मी म्हनलं काढतो रे, पन तू आहेस कुठी. झालं, फोन कट. आन् त्याच्यानंतर फोन लागेचना, दिवसावर दिवस गेले.

आता तुमी म्हनान, एका फोटोत एवढं काय आहे बाप्पा. ते समजाले मले थोडं मांगून सांगा लागते, कंटाळा आला त सांगजा, मी थांबन. थांबत नाई म्हना मी, पन सांगजा.

आमी पवनीचे ढिवर. वैनगंगेवर डोंगा आन् जाळं, आज्याच्या आज्यापासून हेच. आता धरनाचं पानी मांगं पसरलं, नदी तळ्यावानी झाली, पन काम तेच. आमच्यात एक रीत आहे, जाळं घेऊन निघालेल्या मानसाले कुठी चाल्ला असं इचारायचं नाई. इचारलं त तो मानूस घरात परत येते, पाय धुते, घोटभर पानी पेते, घडीभर बसते, मंगच निघते. काहून, त मासोळी आयकते म्हनते. तुमी इकडे जागा बोलले का ती तिकडे सरकली. घरच्या बाईनं फक्त एवढंच म्हनायचं, या मंग. बस. नवीन सुनेले पह्यली गोष्ट हेच शिकवत. आमची घरची सिहोऱ्याकडची, तिकडे ते तळ्यात मासोळ्या धरते, पन रीत तीच, तिले शिकवा नाई लागली. मले मात्र लहानपनापासून शिकवून रायले, आन् मी अजून शिकूनच रायलो.

माहे बाबूजी नौदलात होते. ते तिथं कसे लागले ते आयका. त्याइचा एक दोस्त भरतीले नागपूरले चाल्ला होता, एकटा कसा जाऊ म्हने, म्हनून बाबूजी सोबतीले गेले. दोस्त नापास झाला आन् सोबतीले गेलेला पास. समुद्र कधी पायला नव्हता. पह्यल्यांदा पायला तवा ओंजळभर पानी तोंडात घेतलं आन् थुंकून देल्लं, म्हने एवढं मोठं पानी आन् एक घोट कामाचा नाई.

मंग एकाहत्तरची लढाई आली. त्याच्या आधी बाबूजी सुट्टीवर पवनीले आले होते आन् तार आली, लगेच निघा. माही आजी दारात उभी. तिनं कुठी इचारलं नाई, काहून इचारलं नाई. म्हने, ये मंग. पोरगा लढाईवर चाल्ला आन् बुडी असं म्हनते जसा तो घाटावर जाऊन येते.

त्या लढाईत आपल्या नौदलानं कराचीच्या बंदरावर अचानक हल्ला केला, हे तुमाले मालूमच असन, चार डिसेंबरले नौदल दिवस करते तो त्याचाच. मिसाइलच्या बोटी होत्या लहान, वेगानं पळाच्या, पन पोटात तेल कमी, एवढ्या दूर जाऊन परत येनं त्याइच्याच्यानं होत नोहतं. मंग काय केलं, मोठ्या जहाजानं त्या बोटी दोर बांधून मांगं ओढत नेल्या, तेल वाचाले. आमी नाई का उलट्या धारेले एक डोंगा दुसऱ्याले बांधून ओढत नेत, तसंच. बाबूजी त्या ओढनाऱ्या जहाजावर. त्याइचं काम दोर पाहाचं. ढिला पडला का, घासून रायला का, तुटते का. एवढंच. दिवे बंद, बोलनं बंद, रेडिओ बंद. आन् जवळ गेल्यावर बोलाचं झालंच त बोटीवरचे पोरं रशियन भाषेत बोलत, ते तिकडूनच शिकून आले होते, म्हंजे आयकनाऱ्याले वाटावं हे कोन दुसरेच.

आता हेच मी लग्नात, बारशात, तेराव्यालेही सांगत आलो, पन कसं, त माह्या सांगन्यात बाबूजी दोर सोडून मिसाइलच्या बटनापर्यंत पोचत. वर मी रशियनही बोलून दाखवो. माही रशियन म्हंजे थोडी गोंडी, थोडी छत्तीसगढी आन् बाकी खोकला. बपेऱ्याच्या एका लग्नात वरबाप म्हने, भाऊ, हे रशियन आमच्या म्हशी राखनाऱ्यालेही येते. बाबूजी जिवंत होते तवा कोपऱ्यात बसून आयकत, हसत, मंग म्हनत, पोरा, मी दोर धरला होता बाप्पा, दोरच राहू दे.

एकदाच त्याइनं आपनहून सांगतलं. जाळ्याच्या गाठी मारत बसलो होतो आमी दोघं. म्हने, दूर आभायाच्या कडेले लाल उजेड दिसला तवा जहाजावर सारे एकमेकाच्या गळ्यात पडले, मीही पडलो, झूट काहून बोलू. लढाई होती, आपले मानसं वाचाचे होते, ते करनं भागच होतं. पन मंग मनात आलं, त्या बंदराच्या काठावरही कोनी आपल्यासारखा जाळं वाळवत असन. तो गाफील होता. गाफील मासोळी धरनं आपला धंदा, पन मानूस गाफील असला त त्याचं काय होते ते मी पायलं. तवापासून त्याइनं त्या तारखेले जाळं पान्यात नाई टाकलं. त्या दिवशी आमच्या घरी मासोळी शिजत नाई, चनाभाजी आन् भात. अजूनही.

लढाई संपली, बऱ्याच दिवसांनी बाबूजी घरी आले. आजीनं तेव्हाही कुठी होता इचारलं नाई. त्याइचे हात हातात घेतले, दोरानं तळव्याचं कातडं सोलून निंगालं होतं, ते पायलं आन् म्हने, जेवला का रे.

तर आता या माह्या स्टेटसकडे या. तवा लोकाइले गोष्ट समजाले किती वेळ लागे. आज एक ढिवर पवनीच्या टपरीवर चहा पेत पेत साऱ्या दुनियेले सांगून टाकते का जहाज आज रात्री निंगालं. बाबूजीनं तोंड बंद ठेवून दोर सांभाळला, आन् त्याइच्या पोरानं अंगठ्यानं सोडून देल्ला. घरची असंच म्हने. म्हने, तुमच्याहून त नदीतली मासोळी शहानी, तिले आयकू येते पन ती बोलत नाई.

मी एकेकाले फोन लावत सुटलो. भाऊ, तो फोटो काढ. समोरचा म्हने, अभिनंदन, पेढे कवा. मी म्हनो पेढे देतो रे, पह्यले फोटो काढ. साळ्यानं काढला पन म्हने, जावाईबापू, तुमीच त टाकला होता. खरंच होतं ते, मी पुढचा नंबर लावला.

मंग चुप्प बसनं आलं. टीव्हीवर त्या दिवसाइत आता लढाई होते का काय हेच सारखं चालू, हे जहाज इकडे, ते जहाज तिकडे, नकाशावर बान काढून दाखवत. घरचीनं टीव्ही बंद केला, म्हने याइच्या मायनं याइले काही शिकवलं नाई वाटते. ती दिसाले नेहमीसारखीच, बाजारात मासोळ्या इकल्या, भाव केला, घरी येऊन सैपाक केला. पन मोबाईल पदरात बांधून फिरे, डोंग्यावर येतानाही. आन् मी. माह्या मनात एकच, माह्या फोटोनं पोराच्या जहाजाले काही झालं त. का पोराले शिक्षा झाली असन, नोकरी गेली असन. जाळं ओढता ओढता हात थांबे. ती म्हने, ओढा, नदीत उभं राहून रडाचं असन त निदान झिंगे त काढा.

चार डिसेंबर आला. जाळं वाळत ठेवलं. गावच्या शाळेतून दरसाली मले बोलावते, बाबूजीची गोष्ट सांगाले. मन नव्हतं, पन घरची म्हने जा, फक्त दोराचीच सांगजा. गेलो. आन् या वर्षी पह्यल्यांदा मी दोराचीच सांगतली. रशियन नाई, बटन नाई. एवढे मानसं त्या पान्यावर होते, त्याइच्यातल्या कोनाच्याच तोंडून काही निंगालं नाई, म्हनून ते वापस आले, एवढंच सांगतलं. लहान झाली गोष्ट, पन पोरं हलले नाई जाग्यावरून. मंग एका मास्तरनं इचारलं, भाऊ, तुमचा पोरगा आता कुठी आहे. सारी शाळा माह्याकडे पाहून रायली. मी म्हनलं, पान्यावर. आन् बसलो खाली. मास्तरले वाटलं तब्येत बरी नाई माही, पानी आनून देल्लं.

संध्याकाळी चनाभाजी चुलीवर होती आन् तिच्या पदरात फोन वाजला. गाठ सुटेना, दोघाइनं मिळून ओढून सोडली. बरा आहेस ना रे, ती म्हने, हो, हो, बरं, आन् डोळे पुसत मोबाईल माह्या हातात देल्ला. काय सांगू तुमाले, कुठी हा शब्द माह्या दातापर्यंत आला होता. गिळला. म्हनलं, जेवला का रे.

तो हसला. म्हने हो बाबा, जेवलो, आज वरनभात, मी मासोळी घेतली नाई, चार तारीख आहे ना, तुमी जाळं नाई ना टाकलं. मी म्हनलं नाई टाकलं. मंग फोटोचं त्यानंच काढलं, म्हने साहेबाची बोलनी बसली, चांगली बसली, पन झालं ते, जहाजाले काही नाई. मंग तो बोलतच रायला. सैपाकी मोहरीचं तेल कसं ओतते, पह्यल्या दिवशी कशा उलट्या झाल्या, रात्री डेकवर आभाय कसं दिसते, आज्याच्या दोराची गोष्ट त्यानं आपल्या दोस्ताइले कशी सांगतली. मी हूं हूं करत रायलो. चनाभाजी लागली खाली, वास आला, कोनी उठलं नाई. शेवटी तिनं मोबाईल घेतला आन् म्हनलं, ये मंग.

लय देल्लं देवानं, आन् बाबूजीनं, आन् या नदीनं. माह्यासारख्या बोलघेवड्याच्या घरी चुप्प राहनारे मानसं देल्ले, हे काय थोडं आहे. मी तिले म्हनलं, पाय, मी कुठी इचारलं नाई. ती करपलेली भाजी खरवडत होती. म्हने, आजवर तुमी पह्यलीच गोष्ट कुठी आहेस इचारत होते आन् तो फोन ठेवून देत होता. आज नाई इचारलं, त पाहा, किती वेळ बसला आपल्याजवळ.